अंगण किती झाडावें?

आपल्या गांवांत उजाडण्यापूर्वीं जो पहिला आवाज कानीं पडतो तो खराट्याचा. घरची सून किंवा मुलगी अंगण झाडते, सडा टाकते, आणि जिच्या अंगणांत काडी दिसत नाहीं तिला आळींत मान मिळतो. लहानपणापासून शाळेंत व घरीं आपणांस हेंच शिकविलें गेलें कीं, स्वच्छता हा सद्गुण आणि केर हा दोष. हें शिकविणें खोटें होतें असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. पटकीनें व प्लेगानें ओस पडलेलीं घरें ज्यांच्या वाडवडिलांनीं पाहिलीं, त्यांस स्वच्छतेची किंमत सांगावी लागत नाहीं. परंतु ह्या सद्गुणास कोठें तरी सीमा आहे काय, आणि असल्यास ती कोणीं व कशी ठरवावी, हा प्रश्न एका परक्या देशांत, हातांत दंताळें असतां, आमच्यापुढें उभा राहिला. तो वाचकांपुढें मांडावा असें मनांत आहे.

ज्या गॉर्डन हॉलसाहेबांचें नांव आपल्या मंडळ्यांत अद्याप आदरानें घेतलें जातें, व जे १८१३ सालीं मुंबईस उतरले, त्यांचा जन्म अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांतला. त्याच प्रांतांत आमची कन्या व जांवई राहतात, आणि त्यांच्या घरीं आम्हीं लागोपाठ दोन हिंवाळे काढले. आपल्याकडे पानगळ फाल्गुनाच्या सुमारास, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडीं होते. तेथें ती आक्टोबरांत, थंडीच्या तोंडीं होते. दिवस लहान होऊं लागला कीं, झाड पानांतील हिरवा रंग मोडून त्यांतील उपयोगी अंश आपल्यांत ओढून घेतें, देठाच्या मुळाशीं एक पातळ पडदा धरतें, आणि मग पान सोडून देतें. मेपलचीं पानें आधीं तांबडीं होऊन पडतात, ओकचीं पिंगट होऊन मागाहून. घराभोंवतीं चोहोंकडे जें आंखूड गवत राखलेलें असतें व ज्यास ते लोक लॉन म्हणतात, त्यावर थोड्याच दिवसांत घोट्याएवढा पानांचा थर सांचतो.

बर्फ पडण्यापूर्वीं हें सर्व आवरून घेणें हें तेथील गृहस्थाचें वर्षाचें एक मोठें काम असतें, आणि त्यांत पुष्कळ शहाणपण आहे हें आधींच कबूल करतों. बाहेरच्या नळांतील पाणी काढून टाकावें लागतें. कारण पाणी गोठलें म्हणजे सुमारें नऊ टक्के फुगतें व तांब्याची नळीसुद्धां फोडतें. पहिल्या कडक दंवानें डेलियाचीं पानें काळीं पडलीं कीं, त्याचे गड्डे उकरून कोरड्या जागीं ठेवितात, कारण ते गोठले तर सडतात. उलट ट्यूलिपचे कांदे व लसणीच्या पाकळ्या ह्याच दिवसांत पुरतात, कारण त्यांस थंडी लागल्यावांचून वसंतांत नीट वाढ होत नाहीं. एकाच मातींत एकास थंडी मारते, तर दुसऱ्यास तीच जागें करते! शेतकरी वाचकांस ह्यांत नवल वाटणार नाहीं.

पहिल्या वर्षीं आमचे वृद्ध शेजारी कुंपणापाशीं आले आणि मोठ्या सभ्यपणानें म्हणाले कीं, ह्या भागांत वारा बहुधा तुमच्याकडून आमच्याकडे वाहतो. त्यांचें लॉन गालिच्यासारखें साफ होतें. त्यांच्या बोलण्याचा अर्थ आम्ही समजलों, आणि आम्हांस लाज वाटली. ही लाज कोठून आली तें आम्हांस ठाऊक आहे, व आमच्या वाचकांसहि ठाऊक असेल. ज्यांस पिढ्यान्‌पिढ्या अस्वच्छ म्हणून लांब बसविलें गेलें, त्यांच्या घरीं खराटा हा केवळ खराटा नसतो. तो मानाचा दाखला असतो. त्यांतून आम्ही तेथें परके. परक्यानें घरच्याहून अधिक निर्मळ दिसलें पाहिजे, असा धाक आमच्या मनांत होताच.

म्हणून आम्हीं सर्व अंगण खरवडून काढलें. लॉन तर झाडलेंच, पण झुडुपांच्या बुडाशीं, कुंपणाच्या कोपऱ्यांत, भिंतीच्या सांदींत जें होतें तेंहि ओढून काढलें. वाळलेल्या फुलझाडांचीं खोडें जमिनीसरशीं कापलीं. कागदाच्या उंच पिशव्या येतात, त्या अडतीस भरल्या. शेजाऱ्यांनीं हात वर करून शाबासकी दिली. आम्हांस अभिमान वाटला, हें लपवीत नाहीं.

शेवटल्या दिवशीं आमच्या नातवास कुंपणाच्या कोपऱ्यांत, पानांच्या थराखालीं एक बेडूक सांपडला. रंग पिंगट, आणि डोळ्यांवर काळा पट्टा, जणूं चोरानें तोंड बांधावें तसा. हातपाय आंखडून तो दगडासारखा पडला होता. “आजोबा, हा मेला का?” असें त्यानें विचारलें. आम्हीं “होय, बाळ” म्हटलें, आणि पानांबरोबर त्यासहि पिशवींत घातलें. नगरपालिकेची गाडी दुसऱ्या दिवशीं पिशव्या घेऊन गेली.

पुढें थंडींत घरांत बसून एक पुस्तक चाळीत असतां त्यांत त्याच बेडकाचें चित्र दिसलें. त्यास रानबेडूक म्हणतात. तो खोल बिळांत जात नाहीं. पानांच्या पांघरुणाखालींच हिंवाळा काढतो. त्याच्या अंगांत बर्फ होतें, श्वास थांबतो, हृदयसुद्धां थांबतें. त्याचें यकृत रक्तांत साखर सोडून पेशींस वांचवितें, आणि वसंतांत तो वितळून पुनः चालूं लागतो. म्हणजे आम्हीं मेला म्हणून ज्याचा निकाल केला, तो बहुधा जिवंत होता. नातवास हें सांगावें कीं न सांगावें, ह्या विचारांत आमचे दोन दिवस गेले. अखेर सांगितलें. त्यानें फक्त पिशव्या कोठें नेल्या तें विचारलें.

मग आम्ही शोध करूं लागलों कीं, त्या अडतीस पिशव्यांत आणखी कोण कोण गेलें असेल. आक्टोबरांत तेथें रस्त्यानें एक केसाळ सुरवंट धांवतांना दिसतो, दोन्ही टोंकें काळीं व मध्यें तांबूस पट्टा; त्या पट्ट्याच्या रुंदीवरून थंडी किती पडेल हें सांगतां येतें अशी लोकांची समजूत आहे. (ती खरी नाहीं, पण भाकिताची हौस कोणत्या देशास नाहीं?) हा सुरवंटहि पानांखालीं गोठून राहतो व वसंतांत जागा होऊन पतंग बनतो. लूना नांवाचा फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा सुंदर पतंग पानांतच गुंडाळलेल्या कोशांत जमिनीवर निजतो. पाचोळा नेला कीं कोशहि गेला. काजव्यांचीं पिलें मातींत व पाल्यांत असतात. बंबलबी म्हणून जी मोठी केसाळ माशी असते, तिच्या वसाहतींतील सर्व मरतात. केवळ नवी राणी जमिनींत चार बोटें खोल एकटी झोंपते, आणि पुढल्या वर्षाचा सर्व वंश तिच्यावर अवलंबून असतो. कापलेल्या खोडांवर वाळकीं बोंडें होतीं, तीं गोल्डफिंच नांवाचे लहान पक्षी थंडीभर फोडून खातात. ह्या सर्वांस आम्ही केर म्हणत होतों.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग पानें पडूं द्या, हात लावूं नका. आम्हीहि आवेशानें तसेंच म्हणूं लागलों. तेव्हां आमच्या मुलीनें आम्हांस थांबविलें. ती म्हणाली, “बाबा, तुम्हांला बेडूक दिसतो, मला ह्याचे गुडघे दिसतात.” त्या प्रांतांत काळ्या पायांची एक बारीक गोचीड असते. तिच्या चाव्यानें लाइम नांवाचा रोग होतो. शेजारच्या कनेटिकट प्रांतांतील लाइम गांवीं १९७० नंतरच्या वर्षांत मुलांचे सांधे सुजूं लागले, त्यावरून त्यास हें नांव पडलें. ही गोचीडहि ओलसर पाल्यांतच राहते. दया कोणावर करावयाची हें ठरवितांना, जो दुबळा दिसतो त्याच्याकडे मन धांवतें, आणि जो आपल्याच घरांत खेळत आहे त्याचा विसर पडतो. मुलीचें म्हणणें आम्हांस बोंचलें, कारण तें खरें होतें.

आणखीहि कांहीं ठिकाणीं झाडणें हें कर्तव्यच आहे. सफरचंदाच्या पानांवर खवड्यासारखा रोग पडतो. त्याची बुरशी गळलेल्या पानांत हिंवाळा काढून वसंतांत पुनः झाडावर चढते. तीं पानें उचललींच पाहिजेत. गवतावर भिजून चिकटलेला जाड थर तसाच ठेविला तर गवत गुदमरतें, व बर्फाखालीं बुरशीनें सडतें. रस्त्याच्या कडेचीं पानें तर सर्वांत घातक. त्यांवरून पावसाचें पाणी वाहिलें म्हणजे चहासारखा अर्क निघतो, तो गटारांतून तळ्यांत जातो व तळें शेवाळानें भरतें. विस्कॉन्सिन प्रांतांतील मॅडिसन शहरीं सरकारी भूगर्भ खात्यानें केलेली पाहणी २०१६ सालीं प्रसिद्ध झाली. पानगळींत रस्ते वेळींच झाडले तर पाण्याबरोबर वाहून जाणारा फॉस्फरस ८४ टक्क्यांनीं घटतो, असें तींत आढळलें. आणि आम्हीं काय केलें होतें? कुंपणाचा आडवा कोपरा, जेथें कोणाचें कांहीं बिघडत नव्हतें, तो नखानें खरवडला. आणि रस्त्याची कड, जेथून सर्व गांवाचें पाणी वाहतें, ती तशीच सोडली. कारण ती शेजाऱ्यांच्या खिडकींतून दिसत नव्हती.

ह्या ठिकाणीं आमच्या मतें प्रश्नाचें मूळ सांपडतें. आम्ही अंगण कोणासाठीं झाडीत होतों? मुलाच्या आरोग्यासाठीं, झाडाच्या रोगासाठीं, तळ्याच्या पाण्यासाठीं झाडणें निराळें. आणि आपणांस कोणी गबाळे म्हणूं नये म्हणून झाडणें निराळें. दोन्हींत खराटा एकच, घाम एकच. पण पहिल्यास आपोआप सीमा असते, काम झालें कीं तें थांबतें. दुसऱ्यास सीमा नाहीं, कारण लोकांच्या नजरेचें पोट कधीं भरत नाहीं.

मोशेच्या नियमशास्त्रांत शेताचा कोपरा अगदीं कडेपर्यंत न कापण्याविषयीं आज्ञा आहे, ती आमच्या वाचकांस पाठ आहे. रूथ त्याच आज्ञेच्या आश्रयानें बवाजाच्या शेतांत सरवा वेंचूं शकली. ती आज्ञा गरिबांसाठीं व उपऱ्यांसाठीं होती, बेडकांसाठीं नव्हे, आणि ती ओढूनताणून त्यांस लावावी असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तींत मालकास उद्देशून एक गोष्ट आहे ती विचार करण्याजोगी आहे. शेत त्याचें, पीक त्याचें, विळा त्याचा. तरी शेवटल्या ताटापर्यंत विळा चालविण्याचा अधिकार त्यास नाहीं. गबाळेपणानें सोडलेला कोपरा आणि जाणून सोडलेला कोपरा हे दुरून सारखेच दिसतात. बवाजाच्या शेजाऱ्यांपैकीं कोणी त्याच्या कडा पाहून हंसलाच नसेल, असें कोणीं सांगावें?

दुसऱ्या वर्षीं आम्हीं मुलीशीं बसून ठरविलें. मुलें खेळतात तें लॉन व घराची वाट साफ ठेवावयाची. लॉनवरील पानांवरून गवत कापण्याचें यंत्र फिरवून त्यांचा चुरा केला. तो गवतांत उतरून खत होतो, आणि पिशव्यांचें काम पुष्कळ वांचतें. (पाचट जाळण्याऐवजीं उसाच्या सऱ्यांत पसरणारे आमचे शेतकरी बंधु ह्यास हंसतील, कीं हें सांगावयास अमेरिकेस कशाला गेलांत? पानें जाळण्यास तर त्या प्रांतांत बारा महिने बंदी आहे.) लॉन व झाडी ह्यांच्यामध्यें तीन फूट रुंद लांकडाच्या ढलप्यांचा पट्टा घातला, कारण कोरड्या पट्ट्यावरून गोचीड सहसा येत नाहीं. पानें फुंकून झाडीच्या कडेस ढीग करण्याची तेथें मोठी चाल आहे, ती आम्हीं सोडली. अशा ढिगांत गोचिडी अधिक वाढतात, असें न्यू जर्सींतील एका अभ्यासांत दिसून आलें आहे. फुंकण्याच्या त्या यंत्राचा आवाज असा कर्कश असतो कीं, वॉशिंग्टन शहरानें २०२२ पासून पेट्रोलवर चालणाऱ्या अशा यंत्रांस मनाईच केली आहे. पलीकडच्या कुंपणालगतचा सुमारें सात पावलांचा कोपरा मात्र, पानें जशीं पडलीं तशीं, सोडून दिला. फुलझाडांचीं खोडें उभीं ठेविलीं.

राहिले शेजारी. त्यांच्या लॉनवर आमचीं पानें जाणें हा त्यांचा तोटा होता, आणि आमच्या दयेचा खर्च त्यांनीं सोसावा हें न्यायाचें नव्हतें. म्हणून वाऱ्याच्या बाजूस गुडघाभर उंचीची जाळी लाविली, आणि रस्त्याची कड आमच्या घरापुढली व त्यांच्याहि घरापुढली झाडून काढली. मग त्यांच्याकडे जाऊन कोपऱ्याचें कारण सांगितलें, बेडकाची गोष्टहि सांगितली. त्यांनीं ऐकून घेतलें. हा कोपरा केव्हां साफ होईल, एवढेंच त्यांनीं विचारलें. आम्ही म्हटलें, सफरचंदास फुलें येईपर्यंत राहूं द्या. त्यांस तें पसंत पडलें असें म्हणवत नाहीं. त्या वर्षीं त्यांनीं हात वर केला नाहीं. तो न मिळालेला मान आम्हांस बरेच दिवस टोंचत राहिला, हेंहि सांगितलें पाहिजे.

मे महिन्याच्या आरंभीं आम्ही मुंबईस परत आलों. त्या दिवसापर्यंत बेडूक कांहीं आमच्या दृष्टीस पडला नाहीं. नातू मात्र शाळेंतून येतांच त्या कोपऱ्यापाशीं जाई, आणि ढलप्यांच्या पट्ट्याच्या अलीकडे ओणवा होऊन पाहत बसे. पट्टा ओलांडूं नये असें त्याच्या आईनें त्यास बजाविलें होतें, गोचिडींच्या भीतीनें.