संमती होती, मग अन्याय कुठे?

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बाया गर्भाशयाला 'पिशवी' म्हणतात. पिशवी काढली की कटकट गेली. 2019 साली या शस्त्रक्रियांची बातमी झाली, शासनाने समिती नेमली. मला तेव्हापासून एक प्रश्न सतावतो: बाईने स्वतः होकार दिला असेल, तर अन्याय नेमका कुठे झाला?

नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल आधीच घेतलेली. पाळीत पोट दुखलं म्हणून खाडा झाला, तर मुकादम पैसे कापतो. फडात संडास नाही. अंगावरून पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलं, तर कॅन्सरची भीती घातली जाते. मग ती म्हणते, काढून टाका. निर्णय तिचा, पण पर्याय कुणी ठरवले?

किंमत नंतर कळते. बीजकोशही काढले असतील तर इस्ट्रोजेन एकदम घटतं. तिशी-पस्तिशीतच रजोनिवृत्ती, अंगातून वाफा, हाडं ठिसूळ. मोळी मात्र तेवढीच जड.

म्हणून संमती तपासताना सहीपाशी थांबू नये, असं मला वाटतं. ती 'नाही' म्हणाली असती, तर तिचं काय काय गेलं असतं, हे आधी विचारावं.