हिशेबाचा कर्ता कोण?

व्यवस्थापनशास्त्र, म्हणजे उद्योगांत आणि संस्थांत निर्णय कसे घ्यावेत याचा पद्धतशीर अभ्यास, आजच्या गणिती रूपात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आकाराला आले. पाणबुड्यांचा शोध, जहाजांचे ताफे अशा लष्करी प्रश्नांना ब्रिटनमध्ये पॅट्रिक ब्लॅकेट यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी गणित लावले, त्यातून ‘ऑपरेशन्स रिसर्च’ ही पद्धती वाढली आणि युद्धानंतर ती कारखान्यांत व व्यापारात शिरली. तिचे उपकार उघड आहेत. विचारायचा प्रश्न निराळा आहे: निर्णय हिशेबातून निघाला, तर त्याचा कर्ता कोण, आणि त्यातील पापपुण्याचा भार कोणाकडे जातो?

हर्बर्ट सायमन या अमेरिकी विचारवंताने १९४७ सालच्या ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह बिहेवियर’ या ग्रंथात असे मांडले की निर्णयाच्या मुळाशी दोन जातींची गृहीतके असतात: एक तथ्यांची, जी निरीक्षणाने खरी की खोटी ठरवता येतात, आणि दुसरी मूल्यांची, म्हणजे काय इष्ट मानावे यासंबंधीची, जी कोणत्याही निरीक्षणाने सिद्ध होत नाहीत. ही फोड त्यांनी तार्किक प्रत्यक्षार्थवादातून, म्हणजे पडताळता येणाऱ्या विधानांनाच ज्ञान मानणाऱ्या तत्त्वज्ञानातून घेतली होती. पुढे त्यांनी मर्यादित विवेकशक्तीचा सिद्धान्त मांडला: माणसाला सर्व पर्याय आणि त्यांचे सर्व परिणाम कधीच ठाऊक नसतात, म्हणून तो सर्वोत्तमाच्या मागे न लागता पुरेसा चांगला पर्याय हाती येताच थांबतो. संघटनांतील निर्णयप्रक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र ‘पुरेसे’ म्हणजे किती, ही रेषा तथ्यांतून निघत नाही. ती कोणीतरी आखलेली असते, आणि तिच्यावर हिशेब उभा राहिला की आखणारा हात दिसेनासा होतो.

फोर्ड कंपनीचे १९७३ सालचे एक टिपण या संदर्भात वारंवार पुढे आणले जाते. गाडी उलटल्यावर इंधन गळून लागणारी आग रोखण्यासाठी गाडीमागे ११ डॉलर, म्हणजे सव्वा कोटी मोटारी व हलक्या ट्रकांसाठी सुमारे १३ कोटी ७० लाख डॉलर, असा खर्च त्यात एका बाजूला धरला होता. दुसऱ्या बाजूला वाचू शकणारे १८० जीव, तितकीच गंभीर भाजलेली माणसे आणि जळणाऱ्या २,१०० गाड्या यांची एकत्रित किंमत ४ कोटी ९५ लाख डॉलर मांडली होती, आणि तीत एका मृत्यूची किंमत दोन लाख डॉलर होती. ‘पिंटो’ या मोटारीची सदोष टाकी सुधारावी की नाही हे ठरवण्यासाठी हे टिपण लिहिले गेले अशी समजूत रूढ आहे, पण ती बरोबर नाही. ते सरकारच्या वाहनसुरक्षेच्या प्रस्तावित नियमाविषयी होते आणि दोन लाखांचा आकडाही सरकारी विभागाच्याच कामातून घेतलेला होता. या दुरुस्तीने प्रश्न सौम्य होत नाही, उलट गंभीर होतो, कारण येथे कोणी दुष्टबुद्धीने चोरून बेरीज करीत नव्हता. पद्धती रीतसर होती आणि आकडा मान्यताप्राप्त होता. त्या काळात फोर्डमध्ये सदोष गाड्या परत बोलावण्याचे काम पाहणारे डेनिस जिओया पुढे व्यवस्थापनाचे प्राध्यापक झाले, आणि १९९२ साली त्यांनी लिहिले की पिंटोची प्रकरणे समोर असताना त्यांत काही नैतिक प्रश्न आहे हे त्यांना त्या वेळी जाणवलेच नव्हते. फोर्डने पिंटो गाड्या परत बोलावल्या त्या १९७८ साली.

हाच प्रश्न मराठीत फार आधी विचारला गेला आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त आधिभौतिक सुखवादाची, म्हणजे पुष्कळांचे पुष्कळ सुख हीच नीतीची कसोटी मानणाऱ्या मताची परीक्षा करताना पॉल कारस यांच्या ग्रंथातून अमेरिकेतील एका ट्रामगाडीचे उदाहरण घेतले आहे. शहराला ट्रामची गरज आहे, सरकारी परवानगीला उशीर होतो, कंपनी अधिकाऱ्यांना लाच देऊन काम उरकते आणि सगळ्या शहराची सोय होते. पुढे लाच उघडकीस येते, व्यवस्थापकावर खटला होतो, पहिल्या ज्यूरीत एकमत होत नाही आणि दुसरी ज्यूरी त्याला दोषी ठरवते. सुखाची बेरीज हीच कसोटी असती तर दोष उरलाच नसता. म्हणून टिळक कर्माच्या बाह्य फळाकडून कर्त्याच्या बुद्धीकडे वळतात. त्यांच्या प्रतिपादनाचे बळ येथे आहे; पण शुद्ध बुद्धीला टाकी केव्हा फुटते हे आपोआप कळत नाही, त्यासाठी मोजणी लागतेच, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

टिळकांच्या उदाहरणात दोष ज्याच्याकडे बोट दाखवून ठरवता येतो असा एक व्यवस्थापक आहे. आजच्या कंपनीत निर्णय अभियंता, लेखापाल, वकील आणि संचालक यांच्यात वाटला जातो, आणि प्रत्येकाच्या वाट्याला आलेला तुकडा निर्दोष दिसतो. गीतेचा अठरावा अध्याय या अडचणीच्या जवळ जातो. तेथे कर्माची अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे सांगितली आहेत आणि जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची दृष्टी अपुरी म्हटली आहे. यावरून ‘निर्णय यंत्रणेने घेतला, मी निमित्तमात्र’ असा सोयीचा अर्थ काढता येईल, परंतु त्या अध्यायातील सुटका ज्याची बुद्धी लिप्त झालेली नाही त्याच्यासाठी आहे. निर्णयाच्या नफ्यातून बढती आणि बक्षीस स्वीकारणाऱ्याला त्याच निर्णयाच्या हानीपुरते अकर्तेपण सांगता येत नाही. निष्काम कर्म हे कामगारांचे उत्पादन वाढवण्याचे तंत्र म्हणून शिकवणारी व्यवस्थापनाची पुस्तके या अटीकडे दुर्लक्ष करतात, आणि ते गीतेवर अन्याय करणारे आहे.

‘मॅनेजमेंट सायन्स’ या १९५४ साली निघालेल्या नियतकालिकाचे पहिले मुख्य संपादक वेस्ट चर्चमन हे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक होते. त्याच नियतकालिकात १९६७ साली त्यांनी लिहिले की अवघड सामाजिक प्रश्नाचा सोपा तुकडा सोडवून मूळ प्रश्न सुटल्याचा भास निर्माण करणे ही नैतिक चूक आहे. शास्त्राच्या एका संस्थापकाने शास्त्राला दिलेली ही ताकीद आजही पुरेशी ऐकली गेलेली नाही. महाराष्ट्रातील व्यवस्थापन संस्थांनी सायमन यांच्या तथ्य-मूल्य विवेचनाशेजारी ‘गीतारहस्या’तील आधिभौतिक सुखवादावरील प्रकरण अभ्यासाला ठेवावे, आणि विद्यार्थ्याने मांडलेल्या प्रत्येक हिशेबाखाली त्यातून काय वगळले आणि ते कोणाच्या निर्णयाने वगळले, हे त्याच्याकडून लिहून घ्यावे.