कुलपाआडचे मांजर

मांजर पाळणे म्हणजे ते घरात कोंडून ठेवणे, असा अर्थ हल्ली मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित कुटुंबांतून रूढ होत चालला आहे. जुन्या वाड्यात मांजर नेमके कोणाचे, हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. एका बिऱ्हाडी दूध, दुसऱ्या बिऱ्हाडी चुलीची ऊब आणि माळ्यावर उंदीर, असा त्याचा संसार चाले. सातव्या मजल्यावर तो चालावयाचा कसा? सकाळी मोठी माणसे कचेरीत जातात, मुले शाळेत जातात, दाराला कुलूप पडते. संध्याकाळी परत यावे तो मांजर मुकाट्याने निजलेले. मंडळींस समाधान वाटते. ही शांतता म्हणजे संतोष होय काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

मांजर जात्याच एकलकोंडे, त्यास सोबत कशाला, असे उत्तर पुष्कळ जण देतात. त्यात तथ्य आहे. ज्या रानमांजरापासून ते उतरले ते एकट्यानेच शिकार करते, आणि दिवसाचे बारा तास झोपेत घालविणे हा तर त्याचा जातिधर्मच आहे. परंतु एकट्याने उद्योग करणे निराळे आणि निरुद्योगी एकटेपण निराळे. मांजर मनुष्याजवळ आले ते धान्याच्या आसपास वावरणाऱ्या उंदरांच्या आशेने. सायप्रस बेटावर मनुष्याशेजारी पुरलेले सुमारे ९५०० वर्षांपूर्वीचे मांजर सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. इतका हा करार जुना आहे. त्यातील उंदीर आपण काढून घेतले, जाण्यायेण्याची मोकळीकही काढून घेतली. मोटारींपासून त्याचा जीव वाचावा म्हणून हे केले, हे आम्हांस मान्य आहे. पण हितासाठी कोंडले म्हणून कोंडणे संपत नाही. उलट, कोंडणाऱ्याचे देणे वाढते.

प्राण्यास बुद्धी आहे की नाही यापेक्षा त्यास दुःख होते की नाही हे पाहावे, असा विचार बेंथॅमने १७८९ साली मांडला. अडचण अशी की, मांजराचे दुःख बहुधा बोलत नाही. ते अंग चाटून चाटून केस घालविते, भलत्याच जागी मुतते, आणि आपण तीस खोडी म्हणतो! (कित्येकदा मूळ आजारातही असते, वैद्यास दाखवावे.) डोळे मिटून दूध पिण्याचा आरोप मांजरावर करणाऱ्यांनी येथे आपले डोळे उघडे आहेत काय, ते पाहावे.

करावयाचे ते फारसे खर्चाचे नाही. खिडकीस भक्कम जाळी, आणि तिच्याशी उंच बैठक, म्हणजे कावळे व खारी दिसतात. लपावयास एखादे खोके, नखे घासण्यास काथ्या गुंडाळलेला खांब. खाणे एकाच बशीत न वाढता थोडेथोडे चार ठिकाणी दडवावे. शोधून खाण्यात त्याचा वेळ सत्कारणी लागतो. निघण्यापूर्वी दहा मिनिटे दोरीमागे धावू द्यावे व मग खाऊ घालावे. सोबत म्हणून एकदम दुसरे मांजर आणण्याची हौस मात्र आम्हांस धोक्याची वाटते. अनोळखी मांजर हा पहिल्यास सोबती न वाटता वाटेकरी वाटण्याचाच संभव अधिक. आणि दोन दिवस परगावी जाणे असेल, तर मांजर शेजाऱ्याकडे नेऊन ठेवण्यापेक्षा विश्वासू शेजाऱ्याच्या हाती किल्ली द्यावी व त्याने रोज येऊन घटकाभर बसावे. मांजराचा जीव माणसांइतकाच ओळखीच्या कोपऱ्यांतही गुंतलेला असतो.