माळ्याचा पगार

वेस्टमिन्स्टरच्या ड्यूककडे एक माळी होता. त्याला दर आठवड्याला पगार मिळे, पण कागदोपत्री त्यातला मोठा हिस्सा पगार नव्हताच. ड्यूकने त्याला करारपत्र करून दिले होते की, गतसेवेबद्दल दर आठवड्याला अमुक रक्कम देईन. सोबत एक पत्र होते. कायद्याने तुला याउपर पूर्ण पगार मागता येईल, पण तू फक्त वरचा फरक घेशील अशी अपेक्षा आहे, असा त्याचा आशय. माळ्याच्या हातात पैसे तेवढेच पडत राहिले. ड्यूकचा अधिकर मात्र वाचला, कारण घरच्या नोकराचा पगार उत्पन्नातून वजा होत नसे आणि करारपत्राने दिलेली रक्कम होत असे. हाउस ऑफ लॉर्ड्सने ड्यूकला बरोबर ठरवले.

1936च्या न्यायनिवाड्यांत छापलेला हा निकाल करकायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयात 1985 साली मॅकडॉवेल खटल्यात न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी, कागदावरचे नाव बदलून कर वाचवता येतो हा त्यामागचा विचार कडक शब्दांत नाकारला. वकिलांना त्यातला ड्यूक आठवतो. मला माळी आठवतो. त्याच्या श्रमाच्या मोबदल्याचे नाव दुसऱ्याच्या सोयीसाठी बदलले गेले होते.

मोबदल्याचे नाव असे आजही बदलते, ते कंत्राटदारांच्या बाबतीत. कंत्राटदार म्हटले की आपल्याला रस्त्याचे टेंडर भरणारा माणूस दिसतो. इथे मी बोलतो आहे ते कंत्राटावर राबणाऱ्यांविषयी. ब्रिटनमध्ये शुक्रवारी नोकरी सोडायची आणि सोमवारी त्याच खुर्चीवर स्वतःच्या एकखांबी कंपनीचा संचालक म्हणून बसायचे, ही वाट 1990च्या दशकात रुळली. नाममात्र पगार, बाकीचा लाभांश. लाभांशावर सामाजिक विम्याची वर्गणी पडत नाही. 9 मार्च 1999च्या अर्थसंकल्पादिवशी करखात्याने ही वाट बुजवण्याचे जाहीर केले. त्या प्रसिद्धिपत्रकाचा क्रमांक 35, म्हणून नियमाचे नाव पडले आयआर-35. मधली कंपनी नसती तर हा माणूस नोकर ठरला असता का, एवढाच त्यातला प्रश्न. उत्तराची कसोटी मात्र 1968च्या एका निकालातून घेतली जाते. तो काँक्रीट वाहणाऱ्या ट्रकमालकाचा होता. गणवेश कंपनीचा, ट्रकला रंग कंपनीचा, तरीही तो स्वतंत्र व्यावसायिक ठरला होता. इतक्या निसरड्या कसोटीवर संगणक अभियंत्याने वर्षाचा हिशेब कसा मांडावा?

या धास्तीवर दुकाने उघडली. योजना अशी, की तुमच्या कामाचे पैसे आमच्याकडे येतील, आम्ही तुम्हाला किमान वेतन देऊ आणि उरलेली रक्कम परदेशातल्या विश्वस्त निधीतून 'कर्ज' म्हणून मिळेल. ते कर्ज फेडायचे नव्हते, हे घेणाऱ्यालाही ठाऊक होते आणि देणाऱ्यालाही. दुकानदार आपला वाटा कापून घेई आणि नामांकित वकिलाचे मत दाखवून सगळे कायदेशीर असल्याची ग्वाही देई.

माझे मत स्पष्ट आहे. तो पगारच होता आणि त्यावर कर देणे लागतच होते. पण वसुली कोणाकडून झाली? 2016 साली सरकारने जाहीर केले की 1999पासूनची, 5 एप्रिल 2019 रोजी न फिटलेली सगळी कर्जे एका वर्षाचे उत्पन्न धरून कर लावू. सुमारे 50,000 माणसे कचाट्यात सापडली. या वसुलीची तपासणी करणारा मोर्स अहवाल डिसेंबर 2019मध्ये आला, त्यानंतर 9 डिसेंबर 2010पूर्वीची कर्जे वगळली गेली. तोवर घरे गहाण पडली होती. या वसुलीशी जोडलेल्या 10 आत्महत्या पुढे नोंदल्या गेल्या. 2017 साली रेंजर्स फुटबॉल क्लबच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की निधीत गेलेला पैसा हा पगारच आणि कर कापायला हवा होता तो मालकाने. नोटिसा मात्र आल्या राबणाऱ्यांच्या दारात. योजना विकणारे बहुतेक कंपन्या गुंडाळून पसार झाले.

ही दुकाने ज्या फटीत वाढली ती फट कायद्यानेच ठेवली आहे. एप्रिल 2025पासून ब्रिटनमध्ये नोकर ठेवणाऱ्याला पगारावर 15 टक्के वर्गणी भरावी लागते. तेच काम स्वयंरोजगारी माणसाकडून करून घेतले तर शून्य. मार्च 2017मध्ये अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांनी स्वयंरोजगाऱ्यांची स्वतःची वर्गणी 9 टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने 11 करण्याचे ठरवले आणि आठवड्याच्या आत माघार घेतली. माझ्या मते त्यांनी चुकीच्या खिशाला हात घातला. वर्गणी काम घेणाऱ्यावर बसवावी. श्रमाचा मोबदला कोणत्याही नावाने दिला तरी दर एकच. मग नाव बदलून मालकाला काही मिळणार नाही. ज्याची स्वतःची हत्यारे आहेत, गिऱ्हाइके अनेक आहेत, बुडाले तर स्वतःचे बुडते, त्याला खऱ्या खर्चाची वजावट द्यावीच.

2021मध्ये खाजगी क्षेत्रातल्या मोठ्या आणि मध्यम कंपन्यांवर नोकर की व्यावसायिक हे ठरवण्याची जबाबदारी आली. दिशा बरोबर होती. पण अनेक कंपन्यांनी सरसकट सगळ्यांना मध्यस्थ 'अंब्रेला' कंपन्यांकडे ढकलले आणि तिथे मालकाची वर्गणीसुद्धा कामगाराच्या ठरलेल्या दरातूनच निघते.

हे लिहिताना पुण्या-मुंबईतली नेमणूकपत्रे आठवतात. हुद्दा 'सल्लागार', मोबदल्याचे नाव 'व्यावसायिक शुल्क', टीडीएस 10 टक्के. भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही. हजेरीला बोट मात्र शेजारच्या कायम कर्मचाऱ्याच्याच यंत्रावर टेकवायचे, सकाळी नऊच्या आत.