स्वतः केलेलें मेज

मनुष्यास आपल्या हातानें केलेल्या वस्तूविषयीं जो अभिमान वाटतो तो फार जुना व फार निष्पाप आहे, अशी आमची परवांपरवांपर्यंत समजूत होती. लहान मूल चिखलाचा बैल करतें आणि तो घरभर दाखवीत फिरतें. गृहिणी नवा पदार्थ करते आणि पहिला घांस घेणाराच्या चेहऱ्याकडे पाहत उभी राहते. आणि जन्मभर पुस्तकांवर उपजीविका केलेल्या आमच्यासारख्या माणसानें एखादें साधें स्टूल जरी ठोकलें, तरी तें दिवाणखान्याच्या मधोमध ठेवण्याचा मोह त्यास आवरत नाहीं. या अभिमानांत दुसऱ्याचें कांहीं हिरावून घेतलें जात नाहीं. मग त्यास दोष तरी कोणी द्यावा? परंतु गेल्या दिवाळींत बिद्रीस घडलेल्या एका लहानशा प्रसंगानें या समजुतीस धक्का बसला, आणि ‘स्वतः केलेलें’ या दोन शब्दांनीं आपण नेमकें काय म्हणतों, याचा विचार करणें आम्हांस भाग पडलें.

कोल्हापुराहून गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कागल तालुक्यांत, बिद्री हें गांव आहे. दूधगंगा व वेदगंगा या दोन नद्यांचें नांव धारण करणाऱ्या सहकारी साखर कारखान्यामुळें तें पुष्कळांस ऐकून ठाऊक असेल. तेथें आमचें वडिलार्जित घर आहे. सेवानिवृत्तीस थोडींच वर्षें उरलीं, तेव्हां मागील पडवींत सुतारकामाची एक लहानशी खोली करावी व उरलेल्या आयुष्यांत मेंदूबरोबर हातांसही कांहीं उद्योग द्यावा, असा संकल्प आम्हीं केला. आणि अशा खोलींत पहिली वस्तु कोणती हवी, तर सुताराचें मेज.

ज्यांस या मेजाची ओळख नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. हें लिहिण्याचें किंवा जेवणाचें मेज नव्हे. लाकूड रंधतांना, कापतांना, त्यास भोंक पाडतांना तें हलूं नये व कारागिराचे दोन्ही हात मोकळे राहावेत, एवढेंच याचें कार्य. म्हणून त्यास सुताराचा तिसरा हात म्हटलें तरी चालेल. त्याची उंची करणाराच्या देहावरून ठरते: उभें राहून हात सैल सोडला असतां तळहात जेथें टेकेल, साधारण तेथें मेजाची फळी यावी. वजन जितकें अधिक तितकें बरें, कारण रंधा लोटला असतां जें सरकतें तें मेज नव्हे. लाकूडही पुरतें वाळलेलें हवें. लाकूड वाळतांना रुंदींत आखडतें, लांबींत जवळजवळ आखडत नाहीं, आणि त्यामुळें ओल्या लाकडाचे सांधे पुढें सैल होतात. इंचभर जाडीस एक वर्ष, असा वाळवणीचा जुना ठोकताळा आहे. आमच्या सुदैवानें घराची एक बाजू उतरविली तेव्हां निघालेल्या सागवानी तुळया गोठ्यांत पडून होत्या. त्या वाळण्याविषयीं शंका घेण्याचें कारण नव्हतें. पायांसाठीं बाभूळ मिळाली, जी बैलगाड्यांच्या व औतांच्या कामीं पिढ्यान् पिढ्या आली आहे.

येथवर सर्व पुस्तकांतल्याप्रमाणें झालें. पुढें मात्र पुस्तकांनीं न सांगितलेली एक अडचण उभी राहिली. तुळई घट्ट धरल्यावांचून ती रंधतां येत नाहीं, आणि ती घट्ट धरावयाची तर मेज हवें. म्हणजे मेज करण्यास आधीं मेज लागतें! दोन दिवस आम्ही त्या तुळईभोंवतीं फिरलों. अखेर गांवांतील एक वृद्ध सुतार, ज्यांस आम्ही लहानपणापासून मामा म्हणत आलों, त्यांस बोलावणें धाडलें.

मामा आले, त्यांनीं तुळईकडे पाहिलें, पिशवींतून वांकस व रंधा काढला, आणि जमिनीवर बसले. तुळईचें एक टोंक त्यांनीं भिंतीस टेकविलें, दुसरें पायानें दाबलें, आणि काम सुरू झालें. आम्हीं आपली अडचण सांगितली, तेव्हां ते हंसून म्हणाले, “मेज नसलं म्हून काय अडतंय सर? पाय हाईत की!”

या उत्तरांत केवळ विनोद नव्हता. लाकूड धरावें कसें, हा प्रश्न निरनिराळ्या देशांतील कारागिरांनीं निरनिराळ्या रीतीनें सोडविला आहे. इसवी सन ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या उद्रेकांत गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम शहरांतील एका भित्तिचित्रांत बाकावर लाकूड ठेवून कापणाऱ्या आकृति आढळल्या. पॅरिसचा आंद्रे रूबो हा स्वतः सुतार. त्यानें १७६९ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथांत जाड फळीच्या व चार भक्कम पायांच्या मेजाचें सचित्र वर्णन दिलें, आणि आज जगभर हौशी लोक आपल्या घरीं जें मेज करतात त्यांतील पुष्कळांचा मूळ नमुना तोच आहे. जपानी सुतार रंधा पुढें लोटीत नाहीं, आपल्याकडे ओढतो, व बुटक्या तुळईवर काम करतो. आमचा सुतार पायाच्या बोटांनीं लाकूड धरतो. यांत पुढारलेपणाचा व मागासलेपणाचा कांहीं संबंध नाहीं. ज्याचें काम आज एकाच्या अंगणांत, उद्यां दुसऱ्याच्या शेतांत, परवां अर्धवट बांधलेल्या घरांत चालावयाचें, त्यानें कित्येक मणांचें मेज कोठें वाहून न्यावें? त्याची सारी कार्यशाळा एका पिशवींत मावली पाहिजे. उरलेली त्याच्या देहांत असते.

मामा अकरा दिवस येत होते. आम्ही त्यांच्याजवळ बसून शिकत होतों. गुण्या लावून रेघ कशी ओढावी, रेघेच्या कोणत्या बाजूनें करवत चालवावी, पटाशी मोगरीनें ठोकतांना मनगट कसें ठेवावें, लाकडाचे तंतु कोणत्या दिशेनें वळले आहेत तें बोटानें चांचपून कसें ओळखावें, हें त्यांनीं एकही व्याख्यान न देतां आम्हांस शिकविलें. पाय वरील फळींत व आडव्या पट्ट्या पायांत बसविण्यासाठीं एकंदर बारा भोंकें पाडावयाचीं होतीं. त्यांतील नऊ मामांनीं पाडलीं, तीन आम्हीं. आणि आमच्या तिहींतील एक वांकडें गेलें. बाराव्या दिवशीं मेज उभें राहिलें. आम्हीं सर्व बळ लावून ढकलून पाहिलें. तें तसूभरही सरकलें नाहीं.

दिवाळींत कोल्हापुराहून आमचे कांहीं स्नेही सहकुटुंब आले. मेज पाहून सर्वांस नवल वाटलें. एका बाईंनीं विचारलें, “हें तुम्हीं स्वतः केलेंत?” आणि आम्हीं म्हटलें, “होय.” मामा त्या वेळीं पडवीच्या पायरीवर बसून आमच्याच रंध्याचें पातें पाजळीत होते. त्यांनीं एकदां वर पाहिलें, आणि पुन्हां पातें दगडावर फिरवूं लागले. त्या पाहण्यांत राग नव्हता, आश्चर्यदेखील नव्हतें. आश्चर्य नव्हतें, हेंच आम्हांस रात्रीं झोंप येऊं देईना.

आम्ही खोटें बोललों काय? आपल्या भाषेच्या दृष्टीनें पाहिलें तर नाहीं. मराठींत ‘करणें’ व ‘करविणें’ अशीं दोन स्वतंत्र रूपें आहेत. इतकी सोय असूनही आपण ‘घर बांधलें’ म्हणतों, ‘विहीर खणली’ म्हणतों, शिंप्याकडून आणलेल्या सदऱ्यास ‘नवा सदरा शिवला’ म्हणतों. याच्या उलट, ज्याच्या हातांत खरोखर थापी असते तो गवंडी ‘मीं घर बांधलें’ असें सहसा म्हणत नाहीं. ‘अमक्याच्या घरावर कामाला होतों’ असें म्हणतो. करणारा आपली क्रिया दुसऱ्याच्या नांवें लिहितो, आणि करविणारा ती आपल्या नांवें घेतो. आणि हें दोघांसही इतकें स्वाभाविक वाटतें कीं त्याबद्दल कोणी वर पाहिलें तरी आश्चर्यानें पाहत नाहीं. संकल्पालाही श्रेय असतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. राधानगरीचें धरण शाहू महाराजांनीं बांधावयास घेतलें असें आपण म्हणतों तें योग्यच आहे. त्यांच्या मनांत तें आलें नसतें तर तेथें दगडावर दगड चढला नसता. परंतु संकल्पाचें श्रेय हें सर्व श्रेय नव्हे.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते आम्हींच आमच्या बचावासाठीं प्रथम पुढें केले. पहिला असा कीं, जगांत एकट्यानें कोणी कांहींच करीत नाहीं. पटाशी लोहारानें घडविली, साग कोणा पूर्वजानें आणविला, बाभूळ कोणीं न लावतां उगवली. मग या अनंत ऋणांतून एकट्या मामांचेंच काय म्हणून निवडावें? हा युक्तिवाद दिसण्यांत उदार आहे, पण त्याचा परिणाम कृपणाचा आहे. जें ऋण सर्व विश्वाचें म्हणून सांगितलें जातें तें कोणासच फेडावें लागत नाहीं. ज्या ऋणास चेहरा आहे, जें आपल्या पायरीवर बसून पातें पाजळीत आहे, त्याचा हिशेब मात्र टाळतां येत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक बळकट: मामांस मजुरी दिली, व्यवहार पुरा झाला. हेंही खरें आहे. गांवांत चालू असलेला रोज आम्हीं घासाघीस न करतां दिला. मजुरी ही कांहीं वाईट वस्तु नव्हे. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ साली ‘गांवगाडा’ या ग्रंथांत ज्या बलुतेदारीचें वर्णन केलें, तींत सुतारास रोख रोजाऐवजीं सुगीच्या वेळीं धान्य मिळे, व गांवांत त्याचें एक ठरलेलें स्थान असे. परंतु तें स्थान जन्मानें ठरलेलें होतें, आणि महार-मांगांच्या वांट्यास तर त्यांत अपमानच आला. याच कागलच्या घाटगे घराण्यांत जन्मलेल्या शाहू महाराजांनीं १९१८ मध्यें आपल्या संस्थानांतील महारवतनें रद्द केलीं, आणि जातिभेद ही श्रमाची नव्हे तर श्रम करणारांचीच वांटणी आहे, हें डॉ. आंबेडकरांनीं १९३६ मध्यें लाहोरसाठीं लिहिलेल्या आपल्या भाषणांत दाखवून दिलें. बलुत्याकडे परत जावें असें कोणीही शहाणा म्हणणार नाहीं. रोजानें कारागीर मोकळा झाला, हा लाभ मोठा आहे.

परंतु रोज कशाचा दिला, हा प्रश्न उरतोच. आम्हीं लांकूड कापल्याबद्दल पैसे दिले. मामांनीं लाकूड कापलेंच. पण त्याहून मोलाचें असें त्यांनीं आम्हांस शिकविलें. कॉलेजांत तासभर बोलल्याबद्दल आम्हांस जें वेतन मिळत आलें तें खडू झिजविल्याबद्दल नव्हतें. शिकविणें ही स्वतंत्र किमतीची गोष्ट आहे, हें जगांत ज्यांस सर्वांत आधीं कळावयास हवें अशांपैकीं आम्ही एक. आणि अकरा दिवस शिष्य होऊन बसूनही आपला गुरु आम्ही मजुरांच्या हजेरींत मांडीत होतों!

हस्तव्यवसायास शिक्षणांत मान मिळावा म्हणून या प्रांतांत थोर प्रयत्न झाले आहेत. याच जिल्ह्यांत कुंभोजला जन्मलेल्या भाऊराव पाटलांनीं १९१९ मध्यें रयत शिक्षण संस्था काढली व मुलांस ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग दाखविला. १९३७ मध्यें वर्ध्याच्या परिषदेंत गांधीजींनीं हस्तव्यवसायाच्या द्वारें शिक्षण ही कल्पना राष्ट्रापुढें ठेवली. आमचें मेज हें त्या परंपरेचेंच एक लहानसें फळ, अशी आम्ही मनांत आपली समजूत घालीत होतों. पण तेथें हातांत करवत घेण्यानें भेद मिटावा असा उद्देश होता. आमच्या हातांत ती आल्यानें भेद उलट उठून दिसूं लागला. आमच्या हातीं ती आवडीनें आली, मामांच्या हातीं जन्मानें. आम्हीं ती धरली तर पाहुणे कौतुक करतात. मामांनीं साठ वर्षें धरली, तिचें कोणास नवल नाहीं. आमच्या बोटास चीर पडली त्या दिवशीं घरांत धांवपळ झाली. मामांच्या डाव्या अंगठ्यावर तीन जुने व्रण आहेत; ते आमच्या डोळ्यांसमोर अकरा दिवस होते, आणि त्यांविषयीं आम्हीं एकदांही विचारलें नव्हतें.

म्हणून छंद सोडून द्यावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आम्हीं करवत खाली ठेवल्यानें मामांचा एकही व्रण भरून येणार नाहीं, आणि लाकूड हातीं धरल्याखेरीज त्यांच्या विद्येची किंमत आम्हांस मुळींच कळली नसती. स्वावलंबन ही चांगली गोष्ट आहे. फक्त तिचें पहिलें मेज नेहमीं दुसऱ्याच्या पायाखालीं तयार झालेलें असतें, एवढें तिनें विसरूं नये. दिवाळी संपल्यावर आम्हीं मामांस त्या अकरा दिवसांच्या शिकवणीची दक्षिणा, मजुरीहून वेगळी व तें नांव घेऊन, दिली. त्यांनीं आधीं नको म्हटलें, मग घेतली. अंगठ्याविषयींही विचारलें. तीन व्रणांच्या तीन कथा निघाल्या, आणि त्या ऐकण्यांत संध्याकाळ गेली.

गेल्या महिन्यांत पुन्हां पाहुणे आले, तोच प्रश्न आला, आणि या वेळीं मामा जवळच उभे होते. आम्हीं म्हटलें, “हें यांनीं केलें, आम्ही शिकत होतों.” मामांनीं मेजाच्या मागील पायाजवळ वांकून बोट ठेवलें व गंभीरपणें म्हणाले, “न्हाई, न्हाई. ह्ये एक भोक सरांचंच हाय. माझं असलं वाकडं नसतंय.”