रक्ताच्या थेंबाची अमानत



‘अमानत’ या शब्दाचा अर्थ आपण बहुधा ठेवलेल्या पैशापुरता किंवा दागिन्यांपुरता घेतो. शरीअतने त्याची व्याप्ती फार मोठी मानली आहे. विश्वासाने सांगितलेली गोष्ट अमानत आहे, सल्ला मागणाऱ्याला द्यावयाचा सल्ला अमानत आहे, बैठकीतले बोलणेही अमानत आहे. दिव्य कुरआनने प्रत्येक अमानत तिच्या हक्कदाराच्या हवाली करण्याची आज्ञा दिली आहे. आज या यादीत एका नव्या वस्तूचा समावेश करून विचार करण्याची वेळ आली आहे. ती वस्तू म्हणजे बोटाच्या टोकातून घेतलेला रक्ताचा थेंब आणि त्यावरून निघालेला तपासणीचा अहवाल. हे ज्ञान मिळवणे आपले कर्तव्य आहे काय? आणि मिळाल्यावर ते कोणाला सांगावे, कोणापासून राखावे?

आपल्या खान्देशासाठी हा प्रश्न दूरचा नाही. जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल, रावेर आणि धुळे जिल्ह्यातील शिरपूर, साक्री या तालुक्यांत भिल्ल, पावरा आदी आदिवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. सातपुड्याच्या पायथ्याचे आपले तडवी बांधव याच भिल्ल समाजातले आणि इस्लामचे अनुयायी आहेत. भारतातील आदिवासी समाजांत सिकलसेल या रक्तविकाराचे प्रमाण अधिक आढळते. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे त्याचे ध्येय आहे. म्हणून हा विषय आपल्या वस्तीचा आणि आपल्या निकाहांचा आहे.

हा विकार कसा ओळखला जातो, हे आधी समजून घेऊ. तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिन सहसा मोकळे राहते. सिकलसेलमध्ये प्राणवायू कमी पडला की ते कडक होते आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात. मग असह्य वेदना होतात, कावीळ होते, पंडुरोग जडतो. याचे मूळ हिमोग्लोबिनच्या एका साखळीत आहे, जिथे सहाव्या स्थानी एका घटकाऐवजी दुसरा घटक आलेला असतो. कुरआन पठण शिकणाऱ्या मुलाला उस्ताद बजावतात की एका जेर-जबरने अर्थ उलटतो. इथेही एका अक्षराने देहाचा अर्थ बदलतो.

पहिली चाचणी साधी आहे. रक्ताचे थेंब एका द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ झाले आणि नळीमागच्या रेषा दिसेनाशा झाल्या, तर संशय बळावतो. परंतु व्यक्ती आजारी आहे की केवळ वाहक, हे या चाचणीने कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस करतात. विजेच्या प्रवाहात निरनिराळी हिमोग्लोबिने निरनिराळ्या गतीने सरकतात आणि वेगळी ओळखू येतात. 1949 मध्ये लिनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पद्धतीने या विकाराचे मूळ रेणूत असल्याचे दाखवले.

यातला सर्वांत महत्त्वाचा भेद हाच: वाहक म्हणजे रोगी नव्हे. वाहक सहसा निरोगी आयुष्य जगतो. मलेरियाच्या एका घातक प्रकारापासून त्याला काही संरक्षणही मिळते. पती-पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत आजाराची शक्यता 25 टक्के असते. दोघांपैकी एकच वाहक असेल आणि दुसऱ्याचे रक्त पूर्णपणे निर्दोष असेल, तर अपत्याला हा आजार होत नाही.

आता पहिला आक्षेप घेऊ. काही वडीलधारी मंडळी म्हणतात, “अपत्य देणारा अल्लाह आहे, निकाहापूर्वी रक्त तपासणे म्हणजे तकदीरवर अविश्वास.” या श्रद्धेचा आदर राखूनच उत्तर दिले पाहिजे. सीरियात प्लेग पसरल्याचे वाटेत कळताच हजरत उमर (रजि.) माघारी वळले. हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. उमरांच्या उत्तराचा आशय असा होता की आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही पैगंबरांची (स.) शिकवण आपण जाणतोच. तपासणी हे ते दावे आहे. सौदी अरेबियात 2004 पासून विवाहापूर्वी सिकलसेल व थॅलेसेमियाची तपासणी बंधनकारक आहे. तरीही अहवालानंतर निकाह करायचा की नाही, हा निर्णय त्या दोघांचाच राहतो. मावस, मामे, चुलत नात्यांत निकाह करणाऱ्या कुटुंबांनी तर याचा अधिक विचार करावा. असे निकाह वैध आहेत, परंतु समान पूर्वजांमुळे दोघेही एकाच दोषाचे वाहक असण्याची शक्यता वाढते.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. अहवाल कोणाला सांगावा? पैगंबर मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याचा धिक्कार केला. नमुना काढून खरे जाणून घेण्याचा हा धडा बाजार समितीत पोती पाहणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला उमगेल. निकाहातही ज्याच्याशी आयुष्य बांधायचे आहे, त्याच्यापासून लपवणे ही फसवणूकच आहे. फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांनी स्थळांविषयी सल्ला विचारला, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्या पुरुषांविषयीची अप्रिय गोष्टही स्पष्ट सांगितली. परोक्षनिंदा निषिद्ध असूनही विवाहाचा सल्ला देताना खरे सांगण्याची मुभा धर्मपंडितांनी मान्य केली, ती याच आधारावर.

परंतु ही तुलना इथेच थांबवली पाहिजे. मुलगी म्हणजे धान्याची रास नव्हे. वाहक असणे हा खोट निघालेला माल नव्हे. तो कोणाचा गुन्हाही नव्हे. आपल्या समाजात काय घडते? मुलाचा अहवाल कोणी मागत नाही, मुलीचा मात्र मागतात. स्थळ मोडले की कारण गल्लीत पसरते आणि धाकट्या बहिणींची स्थळेही मागे फिरतात. 2020 मध्ये स्वॅबच्या अहवालावरून घरांना वाळीत टाकल्यासारखे कसे वागवले गेले, हे आपण विसरलेलो नाही. म्हणून नियम असा असावा: तपासणी दोघांचीही व्हावी, आणि अहवाल ज्यांचे आयुष्य त्यावर अवलंबून आहे त्यांनाच, म्हणजे दोन्ही उमेदवारांना व त्यांच्या वलींना कळावा. स्थळ जुळले नाही, तर तो तिथेच मिटावा. ज्याला गरज आहे त्याच्यापासून लपवणे खियानत आहे आणि ज्याला गरज नाही त्याला सांगणेही खियानतच आहे.

याच रक्तातून आणखी काही वाचता येते, म्हणून आणखी एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. कुटुंबाच्या तपासणीत कधी अपत्याचा अहवाल आईवडिलांच्या अहवालाशी जुळत नाही. नमुन्यांची अदलाबदल किंवा सोबत असलेला थॅलेसेमियासारखा दुसरा दोष, अशी त्याची साधी कारणे असू शकतात. त्यावरून पत्नीच्या चारित्र्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार कोणालाही मिळत नाही. जनुकीय ओळखीच्या चाचणीने शरीअतनुसार सिद्ध असलेला वंश नाकारता येणार नाही, असा निर्णय मक्केतील इस्लामी फिकह परिषदेने जानेवारी 2002 मध्ये दिला. जे जाणता येते ते सर्व जाणून घ्यावेच, असा दीनचा आदेश नाही. कुरआनने टेहळणीला मनाई केली आहे, ती सूक्ष्मदर्शकालाही लागू पडते.

प्रयोगशाळांत काम करणाऱ्या आपल्या तरुण-तरुणींनाही एक विनंती. नळीवरचे नाव चुकले, तर एखाद्याच्या आयुष्यावर खोटी साक्ष दिली जाते. वजनमापात कमी देणाऱ्यांना कुरआनने दिलेला इशारा तुमच्या टेबलावरही लागू आहे. ओळखीच्या घराचा अहवाल हाती आला, तर तो घरी जेवताना बोलण्याचा विषय नाही.

वाचकहो, आपल्या घरी निकाहाची बोलणी सुरू होण्यापूर्वीच ही तपासणी करून घ्या. बोलणी पुढे गेल्यावर सत्य कळले, तर नाते आणि मन दोन्ही तुटतात. गर्भधारणेनंतर कळले, तर प्रश्न अधिक बिकट होतो. तेव्हा डॉक्टर आणि मुफ्ती दोघांचाही सल्ला घ्यावा लागतो. जिच्या किंवा ज्याच्या अहवालात काही निघाले आहे, त्याचा हात सोडू नका. वाहकासाठी योग्य स्थळ नक्कीच असते आणि ते शोधून देणे हेही पुण्यकर्म आहे.

अल्लाह आपल्याला सत्य जाणण्याचे धैर्य, ते योग्य व्यक्तीला सांगण्याचा प्रामाणिकपणा आणि इतरांची लाज राखण्याची सद्‌बुद्धी देवो. आमीन.