मदत मागायच्या आधी

जुलै 1946, मँचेस्टर. भारताचे नऊ गडी बाद झालेले आणि सामना संपायला 13 मिनिटं उरलेली. खेळपट्टीवर शेवटची जोडी : रंगा सोहोनी आणि दत्ताराम हिंदळेकर. दोघांनी दहावा गडी पडू दिला नाही. 9 बाद 152 वर कसोटी अनिर्णित राहिली आणि भारताची हार टळली.

हे हिंदळेकर आपल्या रत्नागिरीचे, जन्म 1909 चा. 1936 मध्ये लॉर्ड्सवर ते विजय मर्चंटांबरोबर सलामीला उतरले. यष्टिरक्षण करायचं आणि सलामीही द्यायची, असा दुहेरी भार. पुढं बोटाच्या दुखापतीमुळं त्यांना मँचेस्टरला खेळता आलं नाही. तिथं मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी 203 धावांची सलामी दिली, ती आजही सांगितली जाते. मग महायुद्ध आलं. हिंदळेकरांच्या वाट्याला पुढची कसोटी दहा वर्षांनी, सदतिसाव्या वर्षी आली. एकूण कसोटी चार.

क्रिकेटवर घर चालत नव्हतं. पोट होतं मुंबई पोर्ट ट्रस्टच्या नोकरीवर, तुटपुंज्या पगारावर. 30 मार्च 1949 रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मुंबईत ते गेले. योग्य उपचार मिळाले नाहीत. कुटुंबासाठी निधी उभारण्याचं आवाहन निघालं, ते त्यांच्या पश्चात.

आवाहन करणाऱ्यांच्या मनात कळकळ नव्हती, असं मी म्हणणार नाही. कळकळ होती, उशिरा जागी झाली. मृत्यूनंतर मदत करणं सोपं असतं, कारण तेव्हा कुणाला मागावं लागत नाही. जिवंतपणी मात्र आपण समोरच्यानं मागण्याची वाट पाहतो. आणि कोकणातला स्वाभिमानी माणूस सहसा हात पसरत नाही. देशासाठी खेळलेल्यानं आपल्या औषधाचा खर्च कुणापुढं मांडावा तरी कसा? म्हणून विचारपूस करण्याची जबाबदारी टाळ्या वाजवणाऱ्यांवर येते.

त्याच काळात अमेरिकेतले व्यावसायिक फुटबॉलपटूही मोसम संपला की दुसरी नोकरी धरायचे. 1956 मध्ये त्यांनी आपली संघटना उभारली आणि हक्काची मागणी एकत्र मांडली. एकट्यानं मागताना जीभ अडखळते, ती दहाजण असले की अडखळत नाही.

आज आपल्या जिल्ह्यात गावोगावी कबड्डी, क्रिकेटच्या स्पर्धा भरतात. चषक, मंडप, ध्वनिवर्धक यांवर पैसा मोकळ्या हातानं खर्च होतो. प्रत्येक मंडळानं त्यातला एक ठरलेला वाटा जुन्या खेळाडूंच्या औषधपाण्यासाठी बाजूला काढावा. कुणाचा गुडघा गेला, कोण अंथरुणाला खिळलं, हे पाहायला वर्षातून एकदा तरी कार्यकर्त्यांनी त्यांच्या घरी जावं. सत्काराची शाल नंतरही देता येईल. डॉक्टरांचं बिल त्याच आठवड्यात भरावं लागतं.